फक्त नाव सांग

सकाळी पावणेनऊ. कोर्टाचा हीटर अजून खोकतोय.
बाहेर उभ्या गाड्यांच्या काचांवर दहिवर गोठलंय.
माझ्या गळ्यातल्या पट्टीवर लिहिलंय : ड्यूटी वकील.
म्हणजे आज जो दारात येईल त्याची मी,
फुकट, जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

पहिलंच नाव : रुआरी डॅलझील. वय अठरा.
हात घासून धुतलेत, तरी नखांच्या कडेला
शेणाचा हिरवा रंग तसाच.
टाय बापाचा.
गाठ अशी, जणू वासरू बांधायचंय.

"गुन्हा कबूल आहे," बसायच्या आधीच म्हणाला.
बस आधी.
कबुली कुठे पळून जात नाही.
मला कागद तरी वाचू दे.

कागद म्हणतो : शनिवार, रात्रीचा एक वाजून दहा मिनिटं.
कागद म्हणतो : चारशे बारा.
वीसच्या आतल्या पोरांना इथे थेंबही चालत नाही.

फुंक मार, म्हणाले त्याला रस्त्याच्या कडेला,
आणि त्याने मारली, छाती भरून, शहाण्या मुलासारखी.
कधीतरी कुणीतरी
त्याच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घातली असेल
तीच ही फुंकर.
यंत्राला काही दुखत नव्हतं.
त्याने आकडा लिहून घेतला.

"गाडीत आणखी कोण होतं?"
कुणी नाही.
"रुआरी, मी पोलीस नाही. मी तुझी आईही नाही.
इथलं बोलणं या टेबलाच्या बाहेर जात नाही."
खरंच कुणी नव्हतं.
बाकीचे सगळे लोकरीच्या शेडमध्येच झोपले, गठ्ठ्यांवर.
मला साडेचारला दूध काढायचं होतं.
सहाशे गायी. मालक एकटा, त्याची कंबर धरलेली.

पंचवीस वर्षं हे टेबल माझं आहे.
इथे मस्ती बसली, माज बसला,
एकदा एक पोरगा बसायचा राहूनच गेला,
तारीख आली तेव्हा त्याच्या नावापुढे
मी स्वतः लिहिलं : मयत.
पण कामाला वेळेवर पोचायचं म्हणून
प्यालेल्या हाताने चावी फिरवणारा
हा पहिलाच.
किंवा विचारलंच नसेल मी आधीच्यांना.

मग मी त्याला कामाचं सांगते.
लायसन्स जाईल. ते मी वाचवू शकत नाही.
पण शेडपर्यंतच्या अकरा किलोमीटरसाठी
पुढे अर्ज करता येईल. मालकाचं पत्र आण.
पत्रात गायींचा आकडा हवा, तुझं कौतुक नको.
तोवर सायकल.
"हिवाळ्यात?"
हो, हिवाळ्यात.

आणि आत गेल्यावर : न्यायाधीश नाव विचारतील,
तू फक्त नाव सांग. बाकी मी बोलेन.
काय सांगायचं?
"नाव."
आणि?
"काही नाही."
तीन वेळा घोकून घेतलं.

दहा वाजून वीस मिनिटं. पुकारा झाला.
न्यायाधीश चष्म्यावरून : तुमचं नाव?
रुआरी उभा राहिला. इकडच्या सगळ्यांसारखा
त्याचा 'र' दगडांवरून गाडा जावा तसा गडगडला,
आणि मग थांबलाच नाही.
रुआरी डॅलझील, सर, चार कॅन, पाचवा अर्धा,
आणि मिसेस मॅककॉर्किंडेलचा टपालाचा डबा,
तो कागदात नाहीये,
तोही मीच पाडला, दुधाच्या जुन्या कॅनचा होता,
रविवारी नवा खांब पुरून आलोय,
फक्त नंबर उलटा लागलाय, नऊचा सहा झालाय,
तेवढा आज सरळ करतो.

पोलिसांचा वकील छताकडे बघू लागला.
टायपिस्ट बाईंचे हात हवेतच राहिले.
पंचवीस वर्षांत शिकलेलं एकही वाक्य
माझ्या तोंडात नव्हतं.
मी उभी राहिले. फाइल उघडी, कोरी.
"माझ्या अशिलाने," मी म्हणाले,
"नाव सांगितलेलं आहे."

दुपारी घरी जाताना मी मुद्दाम तिकडून वळले.
खांब थोडा कललेला. मुरूम नीट ठोकलेला.
सायकल कुंपणाला टेकवलेली,
आणि तो ओठांत दोन स्क्रू धरून
सहाचा नऊ करत होता.
मी हॉर्न वाजवला नाही.